मोल, पण कशाचं?

आमच्या शेजारचे सरदारजी माझ्या मुलाला 'काका' म्हणतात. मुलगा सोळा वर्षांचा, सरदारजी सत्तरीला टेकलेले. बँकेच्या बदलीवर चंडीगढला आलो, त्या पहिल्याच संध्याकाळी त्यांनी फाटकावरून हाक मारली, "ओ काका, इद्धर आ!" एवढा वडीलधारा माणूस आपल्याला काका म्हणतो म्हणजे प्रवासात आपले केस फारच पिकले असावेत, अशा समजुतीनं मी अदबीनं पुढे झालो. त्यांनी मला हातानंच बाजूला केलं आणि मागे उभ्या असलेल्या चिरंजीवांच्या हातावर पिन्नीचा लाडू ठेवला. पंजाबीत काका म्हणजे लहान मुलगा, हे मला पुढच्या आठवड्यात कळलं. मुलगा त्यांना 'अंकल' म्हणतो, ते त्याला 'काका' म्हणतात. मराठी कानाला दोघेही एकमेकांचे काका.

उत्तरेत आलेल्या मराठी माणसाची गोची ही अशी असते. परका शब्द आला तर तो सावध होतो, कोणाला तरी विचारतो. ओळखीचा शब्द आला की बेसावध राहतो आणि तिथेच पडतो. सरकारी इमारतीवर 'शिक्षा विभाग' अशी पाटी पाहून आमची सौ. म्हणाली होती, "निदान प्रामाणिक तरी आहेत."

मुलाच्या अकरावीचं तेच. इथे अकरावीला 'प्लस वन' म्हणतात. गणित घेतलेल्या विज्ञान शाखेला म्हणतात 'नॉन-मेडिकल'. मांसाहाराला नॉन-व्हेज म्हणावं तसं गणिताला नॉन-मेडिकल. पहिल्यांदा एका पालकानं मला विचारलं, "मेडिकल या नॉन-मेडिकल?" तेव्हा मी बँकेच्या सवयीनं उत्तर दिलं, "मेडिकल सगळ्या संपल्या, आता फक्त अर्जित रजा आहे."

तर अशा या नॉन-मेडिकल मुलानं एके रात्री जेवणाच्या ताटावर जाहीर केलं, "बाबा, मला मोल समजत नाही."

मी खूश झालो. सोळाव्या वर्षी मुलाला मोल समजत नाही हे मला माहीतच होतं. त्यानं ते कबूल केलं याचा आनंद होता. मी विजेचं बिल, क्लासची फी, बुटांची किंमत अशा क्रमानं सुरुवातही केली. तेव्हा कळलं, तो रसायनशास्त्रातल्या मोलाबद्दल बोलतोय.

आता मोल हा शब्द मराठी माणसाच्या घरात परका कसा असेल? कवडीमोल, मातीमोल, अनमोल, मोलमजुरी, मोलाचा सल्ला. आमच्या भाषेत मोलाचं सगळं खानदान नांदतं आहे. त्यातून मी सांगलीकडच्या मराठी शाळेत विज्ञान शिकलेला. 'ग्रॅम-रेणू', 'रेणुभार' असे शब्द पाठ केलेले. आज महाराष्ट्र मंडळाच्या नववीच्या पुस्तकात 'द्रव्याचे मोजमाप' या धड्यातच मोल भेटतो. केंद्रीय अभ्यासक्रमानं मात्र मध्यंतरी ओझं कमी करताना नववीतून त्याला वगळलं. त्यामुळे इथल्या मुलांना तो एकदम प्लस वनमध्ये, पहिल्याच धड्यात, कोणतीही पूर्वसूचना न देता आडवा येतो. चिरंजीवांचा क्लास सेक्टर ३४ मध्ये. तिथे इमारती दिसत नाहीत, पहिल्या आलेल्या मुलांचे फलकच दिसतात. त्या क्लासातल्या सरांनी मोल वीस मिनिटांत उरकून पुढचा धडा धरला होता.

"बस इथे," मी म्हणालो. "तुझ्या बापानं आयुष्यभर मोलच मोजलाय."

आणि हे थापेचं बोलणं नव्हतं. आमच्याकडे देवस्थानाच्या, पार्किंगच्या, चहाच्या टपरीच्या चिल्लरच्या पिशव्या येतात. एक आणि दोन रुपयांची नाणी शक्यतो वजन करून स्वीकारावीत, असं रिझर्व्ह बँकेनंच सांगून ठेवलं आहे. २०११ च्या मालिकेतलं एक रुपयाचं नाणं ३.७९ ग्रॅमचं, दोनचं ४.८५ ग्रॅमचं. एक रुपयाची शंभर नाणी म्हणजे ३७९ ग्रॅम, दोनची शंभर म्हणजे ४८५. संख्या तीच, वजन वेगळं. काट्यावर वजन बघायचं आणि मोजल्याशिवाय आकडा सांगायचा. मोल याहून निराळं काय करतो? अणू दिसत नाहीत, बोटांनी मोजता येत नाहीत, म्हणून ते तोलून मोजायचे. कार्बनचे १२ ग्रॅम घ्या, सोडिअमचे २३ ग्रॅम घ्या, लोखंडाचे ५६ ग्रॅम घ्या. तिन्ही ढिगांत अणूंची संख्या सारखीच. त्या संख्येला म्हणायचं एक मोल. डझन म्हटलं की बारा, तसं मोल म्हटलं की...

"सहा पॉइंट झिरो टू टू इंटू टेन रेज टू ट्वेंटी थ्री," चिरंजीव एका श्वासात म्हणाले.

"म्हणजे किती?"

"म्हणजे तेवढेच."

हा आकडा मुलं देवाच्या आरतीसारखा म्हणतात. अर्थ लागो न लागो, चाल चुकत नाही. मी ठरवलं, याला घरच्या पट्टीनं मोजू. आमच्या भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या लीलावतीत एकं, दहं, शतं करत करत परार्धापर्यंत मजल नेली आहे. परार्ध म्हणजे एकावर सतरा शून्यं. त्यापुढे मोजण्यासारखं काही उरेल असं त्यांना वाटलं नसावं. त्या हिशेबानं एक मोल म्हणजे साठ लाख बावीस हजार परार्ध. एवढं ऐकून मुलाचा चेहरा जसा होता तसाच राहिला. मग मी तांदळाचा डबा काढला. एका दाण्याचं वजन साधारण २५ मिलिग्रॅम धरलं, तर किलोत चाळीस हजार दाणे. एक मोल दाणे हवे असतील, तर सध्या आपल्या देशात वर्षाला जेवढा तांदूळ पिकतो, तेवढा सुमारे दहा कोटी वर्षं साठवावा लागेल. डायनासोर हिंडत असतानाच कुकर लावायला हवा होता.

"आणि एक मोल पाणी?" सौ.नं विचारलं.

"अठरा ग्रॅम. मोठा घोट."

तिनं हातातल्या चहाच्या कपाकडे पाहिलं. त्यात दहा मोल सहज असतील. तांदळाचा एक मोल जमवायला दहा कोटी वर्षं लागतात आणि पाण्याचे दहा मोल बोलता बोलता पोटात जातात. "म्हणजे आधी विचारायचं, कशाचा मोल?" ती म्हणाली आणि कप उचलून आत गेली. हे वाक्य मी तेव्हाच लिहून ठेवायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सूत्रवस्तुमान काढायचं होतं. म्हणजे संयुगाच्या सूत्रात जे जे अणू असतील त्यांची वस्तुमानं मांडायची आणि बेरीज करायची. किराणा मालाची यादी. पण त्यासाठी प्रत्येक मूलद्रव्याचा आकडा पाठ हवा. इथे माझ्या सुपीक डोक्यात कल्पना आली, की ज्या शहरात पत्ते नावानं नसून नंबरानं असतात, त्या शहरात आवर्तसारणी पाठ करायला पुस्तक कशाला हवं? ल कॉर्बुझिएनं चंडीगढ आखलंच आहे आवर्तसारणीसारखं, चौकोन आणि चौकोनात आकडा.

मुलाला स्कूटरवर मागे बसवलं आणि निघालो. सेक्टर १ म्हणजे हायड्रोजन. सुखना तलाव तिथेच, म्हणजे पाण्याची निम्मी तयारी झाली. सेक्टर ८ म्हणजे ऑक्सिजन. सेक्टर १२ मॅग्नेशिअम. तिथे पीजीआयचं मोठं रुग्णालय आहे, मिल्क ऑफ मॅग्नेशियाची आठवण ठेव. सेक्टर १४ सिलिकॉन, तिथे पंजाब विद्यापीठ. सेक्टर २६ लोखंड, तिथे धान्यबाजार. सेक्टर १३ या शहरात कितीतरी वर्षं नव्हताच, म्हणजे ल कॉर्बुझिएच्या चंडीगढला ॲल्युमिनिअम ठाऊक नव्हतं. २०२० मध्ये मनीमाजऱ्याला तो आकडा दिला आणि उणीव भरून निघाली. सोनं मात्र चंडीगढच्या हद्दीत नाही. सेक्टर ७९ साठी मोहालीत जावं लागतं. बँकेच्या लॉकरच्या दृष्टीनं ही नोंद मी स्वतंत्र केली.

सेक्टर १७ च्या चौकात, कारंज्याजवळ, मी परीक्षा घेतली. "मीठ. सोडिअम ११, क्लोरीन १७. सूत्रवस्तुमान?"

"अठ्ठावीस?" तो चाचरत म्हणाला.

"शाब्बास!"

घरी येऊन पुस्तकामागचं उत्तर पाहिलं. ५८.५.

पहिला अर्धा तास आम्ही पुस्तकात छपाईची चूक आहे असं धरून चाललो. मग लक्षात आलं, मी स्कूटरवरून सगळं शहर फिरवून मुलाला अणुक्रमांक पाठ करून दिले होते. बेरीज करायची असते अणुवस्तुमानांची. सोडिअमचा पत्ता ११, वजन २३. क्लोरीनचा पत्ता १७, वजन ३५.५. माणसाचं वजन विचारलं तर त्याचा घरनंबर सांगू नये, एवढी साधी गोष्ट. परीक्षेत हजारो मुलं ही चूक करतात असं म्हणतात; पण त्यासाठी पेट्रोल जाळणारे आम्हीच.

त्या ३५.५ वर चिरंजीव पुन्हा अडले. "अर्धा कुठून आला? अर्धा अणू असतो का?" नेमके त्या दिवसांत माझे वडील साताऱ्याहून हवापालटाला आले होते. पावकी, निमकी, औटकी अशा अपूर्णांकांच्या पाढ्यांवर वाढलेली त्यांची पिढी. "साडेपस्तीस दुणे एकाहत्तर," ते वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले. वहीतल्या पुढच्या गणितातलं कॅल्शिअम क्लोराइड एकशे अकरा झालं. नातू कॅल्क्युलेटर शोधत होता तोवर आजोबा कोडं सोडवायला परतले होते. पण अर्धा का, हे सांगायला मीच लागलो, कारण तो पुन्हा चिल्लरचा प्रश्न होता. जुनं स्टीलचं एक रुपयाचं नाणं ४.८५ ग्रॅमचं, नवं ३.७९ चं. दोन्हींचं मोल एकच रुपया, वजन वेगळं. पिशवीत दोन्ही मिसळलेली असली की सरासरी धरावी लागते, आणि ती कोणत्याच एका नाण्याचं वजन नसते. क्लोरीनचं तेच आहे. दर चार अणूंमागे साधारण तीन ३५ चे, एक ३७ चा. सरासरी साडेपस्तीस. साडेपस्तीसचा एकही अणू जगात नाही. सरासरी दोन पूर्णांक तीन मुलं असलेल्या कुटुंबात तीन दशांश मूल कुठे झोपतं, असं कोणी विचारत नाही.

मिठाची आणखी एक गंमत अशी, की मिठाला रेणूच नसतो. सोडिअम आणि क्लोरीन यांच्या जोड्या ठरलेल्या नाहीत. स्फटिकात प्रत्येकाच्या चहूबाजूंना दुसऱ्या पक्षाचे सहा जण. लग्नाच्या पंगतीत वरपक्ष आणि वधूपक्ष एकाआड एक बसवावेत आणि कोण कोणासोबत आलंय ते सांगता येऊ नये, तसं. फक्त दोन्हीकडची माणसं सारखी, एवढंच नक्की. म्हणून तिथे रेणुवस्तुमान न म्हणता सूत्रवस्तुमान म्हणायचं. सूत्र म्हणजे प्रमाण, जोडपं नव्हे.

मग आम्ही स्वयंपाकघरातला आणि न्हाणीघरातला एकेक डबा काढून सूत्रवस्तुमानं काढायला बसलो. चुनखडी निघाली ४० अधिक १२ अधिक ४८, बरोबर शंभर. सगळ्या प्रश्नपत्रिकांत तीच का येते हे तेव्हा उमगलं. परीक्षकालाही संध्याकाळी घरी जायचं असतं. साखर ३४२. खाण्याचा सोडा ८४. धुण्याच्या सोड्याचे खडे २८६, आणि त्यातले १८० निव्वळ पाण्याचे! दर सूत्रामागे दहा पाणी. तुरटीत बारा. शंभर ग्रॅम सोड्यात त्रेसष्ट ग्रॅम पाणी, आणि हात लावाल तर कोरडा. दूधवाल्यानं केलं तर भेसळ आणि सोड्यानं केलं तर स्फटिकजल.

हा सगळा गोंधळ व्हरांड्यात चाललेला. सरदारजी कुंपणापलीकडून बघत होते. त्यांची खरड गावाजवळ थोडी जमीन आहे. त्यांनी विचारलं, "काका, एह हिसाब किस कम्म आंदा?" हा हिशेब कुठे उपयोगी पडतो, या प्रश्नाला पालक नेहमी 'परीक्षेत' असं उत्तर देतात. मुलानं मात्र त्यांनाच विचारलं, "अंकल, युरिया डालते हो?" आणि मांडलं: एक कार्बन १२, एक ऑक्सिजन १६, दोन नायट्रोजन २८, चार हायड्रोजन ४. एकूण ६०. त्यात नायट्रोजन २८, म्हणजे शेकडा ४६.६७.

सरदारजी आत गेले आणि युरियाचं रिकामं पोतं घेऊन आले. पोत्यावर छापलेलं: नायट्रोजन ४६ टक्के. त्यांनी आधी पोत्याकडे, मग वहीकडे, मग मुलाकडे पाहिलं. चाळीस वर्षं ते हा आकडा सरकारनं ठरवलेला समजत होते. तो कार्बन-ऑक्सिजननं ठरवलाय आणि कोणतंही सरकार आलं तरी ४६.६७ च्या वर जाणार नाही, हे कळल्यावर त्यांनी दुसरा हिशेब केला. पंचेचाळीस किलोच्या पोत्यात कामाचं नत्र साधारण एकवीस किलो. "ते बाकी चौवी किलो दे पैसे किस गल्ल दे?" या प्रश्नाचं उत्तर रसायनशास्त्रात नाही.

माझा आत्मविश्वास असा शिगेला पोचला असताना ती घटना घडली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी शिरीषाच्या झाडाखाली प्रेसवाल्यांचं टेबल आहे. इस्त्रीला इथे प्रेस म्हणतात. त्यांची मुलगी सरकारी शाळेत प्लस वनमध्ये, हिंदी माध्यमातून शिकते. कपड्यांचं गाठोडं द्यायला आली असताना तिनं आमच्या टेबलावरची वही पाहिली आणि म्हणाली, "अंकल, हमारा भी यही चल रहा है." मग काय विचारता! मी दोन संध्याकाळी तिला माझ्या हिंदीत मोल शिकवला. नाणी आली, तांदूळ आले, मिठाची पंगत आली. ऑक्सिजनवर मी विशेष भर दिला. "लिखो. ऑक्सीजन के एक मोल अणु का द्रव्यमान, सोलह ग्राम." तिनं सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी चाचणीचा पेपर घेऊन ती दारात. त्या उत्तरावर लाल फुली.

"अंकल, बत्तीस आना था."

"बत्तीस रेणूचं, बेटा. अणूचं सोळाच."

"रेणु क्या होता है?"

"रेणू म्हणजे... दोन अणू मिळून रेणू."

"दो अणु मिलकर? अंकल, दो परमाणु मिलकर अणु होता है."

"परमाणु तो और छोटा होता होगा!"

"परमाणु से छोटा कुछ नहीं, अंकल. मतलब, इलेक्ट्रॉन वगैरह छोडकर."

चिरंजीव मध्ये पडले, "बाबा, अणू म्हणजे ॲटम की मॉलिक्यूल?" मी म्हणालो ॲटम. ती म्हणाली मॉलिक्यूल. दोघेही पुस्तकं घेऊन आलो आणि दोघेही बरोबर निघालो. मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. हिंदीत ॲटम म्हणजे परमाणु आणि मॉलिक्यूल म्हणजे अणु. मराठी अणूचा णू दीर्घ, हिंदी अणुचा णु ऱ्हस्व. कागदावर फरक एवढाच दिसतो. तराजूत तो ऑक्सिजनच्या बाबतीत सोळा ग्रॅमचा आहे.

म्हणजे पुन्हा काकाच! ओळखीचा शब्द पाहून मी बेसावध राहिलो. हे आधीच लक्षात यायला हवं होतं. आपला अणुबाँब यांचा परमाणु बम असतो. तुर्भ्याच्या एकाच संस्थेला आपण भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणतो आणि हे भाभा परमाणु अनुसंधान केंद्र. आणि न्यायानं बोलायचं तर कणादांच्या वैशेषिकात ज्याचे आणखी तुकडे होत नाहीत तो परमाणूच. दोन परमाणूंचं द्व्यणुक. त्या पोरीच्या बाजूनं अडीच हजार वर्षांच्या आतबाहेरची परंपरा उभी होती आणि माझ्या बाजूनं सांगलीचे एक मास्तर.

रात्री झोप लागेना. आपण एका कष्टाळू मुलीचे गुण घालवले. म्हणून मोलाचा इतिहास काढून बसलो, आणि मन बरंच हलकं झालं. कारण नेमक्या याच दुपटीच्या चुकीत सगळा युरोप पन्नास वर्षं अडकून पडला होता.

आमेदेओ अव्होगाद्रो हा इटलीतला, मूळचा कायद्याचा पदवीधर. त्यानं १८११ मध्ये मांडलं, की तापमान आणि दाब सारखे असतील तर कोणत्याही वायूच्या समान आकारमानात कण सारख्याच संख्येनं असतात. पायली तीच, वायू कोणताही भरा, दाणे तितकेच. आणि ऑक्सिजनचा कण दोन-दोनच्या जोडीनं असतो, हेही त्यात आलं. कोणी फारसं मनावर घेतलं नाही. एक कारण असं, की त्यानं अणूला अणू म्हटलंच नाही. सुटा असो की जोडीचा, दोघांनाही तो 'मॉलिक्यूल'च म्हणे, फक्त मागे विशेषण वेगळं. माझी आणि प्रेसवाल्यांच्या मुलीची जी गत झाली, ती या गृहस्थानं एकट्यानं, एकाच भाषेत करून ठेवली होती. तोवर कोणी ऑक्सिजन ८ धरी, कोणी १६. पाण्याचं सूत्र कोणाकडे एक हायड्रोजन-एक ऑक्सिजन, कोणाकडे दोन-एक. शेवटी १८६० मध्ये जर्मनीत कार्ल्सरूहला रसायनतज्ज्ञांची परिषद भरली. तिथे इटलीच्याच कान्निझारोनं अव्होगाद्रोचं म्हणणं नीट मांडून दाखवलं, त्याची पुस्तिका वाटली गेली आणि हळूहळू गाडी रुळावर आली. अव्होगाद्रो चार वर्षांपूर्वीच वारला होता. त्याच्या नावाचा आकडाही त्याला ठाऊक नव्हता. त्या आकड्याला त्याचं नाव १९०९ मध्ये फ्रान्सच्या पेरँनं दिलं. आणि 'मोल' हा शब्द रूढ करणारा ऑस्टवाल्ड? त्याचा कितीतरी वर्षं अणूंवर विश्वासच नव्हता.

एवढं झाल्यावर जगाला शहाणपण सुचलं. १९७१ मध्ये मोलाला आंतरराष्ट्रीय मूलभूत एककांत घेतलं तेव्हा व्याख्येत एक वाक्य मुद्दाम घातलं: मोल वापरताना तो कोणत्या कणांचा आहे हे सांगितलंच पाहिजे; अणू, रेणू, आयन, इलेक्ट्रॉन, जे असेल ते. २० मे २०१९ पासून व्याख्या बदलली, आकडा ६.०२२१४०७६ × १०²³ वर पक्का बांधला. पण कशाचा ते सांगण्यातून सुटका नाही. थोडक्यात, आमच्या सौ.नं चहाचा कप हातात धरून जे सांगितलं होतं, ते पॅरिसच्या तज्ज्ञांनी ठराव करून सांगितलं.

आजोबांनाही हा प्रसाद मिळालाच. निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी नातवाला ठणकावून सांगितलं, "वायूचा एक मोल म्हणजे २२.४ लिटर. हे मरेपर्यंत बदलणार नाही." नातवानं पुस्तक उघडून दाखवलं, २२.७. आजोबांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्यांच्या वेळी प्रमाण दाब एक ॲटमॉस्फिअर होता. १९८२ साली तो किंचित कमी करून एक बार ठरवला गेला, म्हणून वायू तेवढा फुगला. आजोबा दोनदा "हं" म्हणाले. "महागाई आहे," असं म्हणून त्यांनी पिशवी भरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाठोडं घेऊन स्वतःच झाडाखाली गेलो. मुलीची माफी मागितली. ती हसली, "कोई बात नहीं, अंकल. अब कभी नहीं भूलूँगी." तिचे वडील निखाऱ्यांची इस्त्री फिरवत होते. त्यांना प्रकरण ठाऊक असावं, पण काही बोलले नाहीत.

मी गाठोडं ठेवलं. "दस कपडे हैं."

त्यांनी इस्त्री उभी केली. "दस क्या?"

"मतलब?"

"साडी कितनी है, साहब? साडी के दो लगते हैं."

मी गाठोडं सोडलं. आठ शर्ट-पँट, दोन साड्या. मोजायला दहा, पैशाला बारा. वीस वर्षं बँकेत, बारावीपर्यंत विज्ञान, वर लीलावती. आणि दहा म्हटल्यावर 'कशाचे' हे या माणसानं विचारल्याशिवाय मला सुचलं नव्हतं. त्यानं ना अव्होगाद्रो ऐकला होता ना १९७१ चा ठराव. पण सुटा कपडा कोणता आणि जोडीचा कोणता, हे आधी विचारल्याशिवाय तो हिशेबाला हात घालत नाही.

तेव्हापासून आमच्या गाठोड्यात एक चिठ्ठी असते: 'नग दहा. त्यात साड्या दोन.' चिठ्ठी चिरंजीव लिहितात.